चुन्याची रेघ

हेडमास्तर वाकले. धोतराचा सोगा गुडघ्यात दाबून धरला, बादलीतला कुंचा उचलला, निथळू दिला, आणि माझ्याभोवती चुन्याची रेघ ओढायला लागले.

मी खाली बसले होते. दाराच्या अलीकडं, चपलांच्या शेजारी, पोत्याच्या तुकड्यावर. रेघ माझ्या उजव्या गुडघ्यापासून निघाली, पाठीमागनं फिरली, डाव्या अंगानं पुढं आली आणि जुळली. चुना पातळ होता. त्याचे थेंब माझ्या परकरावर उडाले. हेडमास्तर म्हणाले, "परकर आवर. रेघेला लागतोय."

परकराला चुना लागला त्याचं काही नाही. रेघेला परकर लागत होता.

मी परकर आवरला. पाय पोटाशी घेतले.

"ही तुझी जागा. शाळा सुटेपर्यंत हिच्यातनं बाहेर पडायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"कळलं, गुरुजी."

"मला नको. वर्गाला सांग."

मी वर्गाकडं तोंड केलं आणि म्हणाले, "मला माझी जागा कळली." पोरं हसली. पोरी हसल्या नाहीत. त्या पाट्यांकडं बघत राहिल्या. मला पोरांच्या हसण्यापेक्षा पोरींचं ते खाली बघणं जास्त लागलं. अजून लागतं.

मी तेव्हा अकराएक वर्षांची होते. लढाईची वर्षं होती ती. बा पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेला होता. तो परत आला नाही.

आता मी बी.ए. आहे. सांगलीच्या कॉलेजातून झाले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सही केलेली नाही. हे मी मोठेपणासाठी सांगते. का सांगू नये? महारवाड्यातल्या पोरीनं बी.ए. व्हावं आणि वर लाजून बोलावं, हे मला जमणार नाही. लोक कौतुकानं म्हणतात, शाळेनं तुला घडवलं. मी विचारते, कुठल्या शाळेनं? मला दोन शाळा भेटल्या. एका शाळेला भिंत नव्हती. दुसरीला होती.

पहिली शाळा आमच्याच गावची. गाव रहिमतपूरच्या पलीकडं. औंधाकडं तोंड केलं की यमाईचा डोंगर दिसतो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. गावची पोरं मंडपात बसायची, आम्ही पायऱ्यांखाली, उन्हात. मास्तर वरनं सांगायचे, आम्ही खालनं ऐकायचो. पाटी तपासायची असली की पायरीवर ठेवून मागं सरायचं. मास्तर काठीच्या टोकानं ती फिरवून बघायचे. काठीला जात नव्हती.

मग ते मास्तर बदलून गेले आणि नवे आले. तरुण होते. टोपी नीट बसायची नाही त्यांच्या डोक्यावर, सारखी मागं घसरायची. त्यांची जात मला शेवटपर्यंत कळली नाही. आईला कळली होती. मी विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचीय? त्येनं तुजी इचारली का?"

आल्यावर थोडे दिवस ते गप्प राहिले. मग एका सकाळी फळा डोक्यावर घेतला आणि ओढ्याकाठच्या करंजाखाली नेऊन ठेवला. सगळी पोरं मागनं. पाटील घोंगडी झटकत आले.

"मास्तर, देवळात काय वाईट हाय?"

"देवळात चांगलंच आहे, पाटील. पण माझी निम्मी शाळा उन्हात बसते. म्हटलं, सगळीच बसू दे."

"पोरं काळी पडतील की वं."

"शेतकऱ्याची पोरं. आणखी किती काळी पडायची राहिलीत?"

पाटील हसले. हसले म्हणून शाळा तिथं राहिली. चिडले असते तर संपलं असतं. एवढ्या बारीक गोष्टीवर आमचं शिकणं टांगलेलं होतं.

करंजाखाली मास्तरांनी आम्हाला गोल बसवलं. रोज सकाळी ज्याला जिथं जागा मिळेल तिथं त्यानं बसायचं. काल जिथं बसलात तिथं आज बसायचं नाही. पाटलाचा नातू एक दिवस माझ्या उजव्या हाताला, एक दिवस डाव्या. संध्याकाळी पोरं घरी गेली की त्यांच्या आया दारातच त्यांच्यावर पाणी शिंपडायच्या. मास्तरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "शिंपडू द्या. पोरांना गार वाटत असेल."

आणि त्यांचा एक नियम होता. हा नीट सांगते, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यामुळं झालं.

ज्याला आलं, त्यानं उठायचं.

म्हणजे असं. मास्तरांनी हिशोब घातला, आणि तुला आला, तर तू हात वर करायचा नाहीस, उत्तर ओरडायचं नाहीस. तू उठायचं. ज्याला आलेला नाही त्याच्यापाशी जाऊन बसायचं. त्याला उत्तर सांगायचं नाही. मातीत काढून दाखव, चिंचोके मांडून दाखव, काहीही कर, पण उत्तर त्याच्या तोंडनं आलं पाहिजे. मास्तर म्हणायचे, "उत्तर दिलंस तर तू चोर. वाट दाखवलीस तर तू गडी." शेवटच्या पोराला येईपर्यंत पुढचा हिशोब नाही. त्यामुळं आमच्या शाळेत सकाळभर पोरं उठायची, बसायची, इकडून तिकडं जायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शाळा नाही, बाजार भरलाय. पाटील एकदा म्हणाले, "मास्तर, ही पोरं बसत्यात कवा?" मास्तर म्हणाले, "कळलं की बसत नाहीत."

अपूर्णांक आम्ही ओढ्याच्या वाळूत शिकलो. वाफे काढायचे बोटानं. पाव वाफा, निम्मा वाफा, पाऊण वाफा. उसाच्या रानाला पाणी पाजताना हे सगळ्यांनी बघितलेलं. पाऊण म्हणजे काय हे मला कधी पाठ करावं लागलं नाही. पाऊण म्हणजे जिथं पाणी पोचायचं राहिलंय तो कोपरा सोडून बाकीचं.

चवथी झाली. बेचाळीसच्या चळवळीच्या पावसाळ्यात पोलीस आले आणि मास्तरांना घेऊन गेले. जाताना त्यांची टोपी चिखलात पडली, ती उचलायलाही कुणी त्यांना थांबू दिलं नाही. फळा परत देवळात गेला. आम्ही परत पायऱ्यांखाली.

आई म्हणाली, "आता हितं न्हाई." पेठेच्या गावात सातवीपर्यंतची शाळा होती. सातवीची फायनल पास झालं की मास्तरकी मिळते, हे आईला मास्तरांनीच सांगून ठेवलं होतं. फायनल हा शब्द तिला नीट म्हणता यायचा नाही, 'फायनाल' म्हणायची. पण तिनं तो धरून ठेवला होता. दुसऱ्याच्या रानात खुरपताना, भाकरी थापताना, एकटीच म्हणायची, "माजी पोर मास्तरीन हुईल." त्याच्यासाठी मी रोज सकाळी चालत त्या गावाला जायची. गावाचं नाव घेत नाही. तिथं अजून माझी माणसं राहतात.

त्या शाळेला कौलं होती, फरशी होती, खिडक्यांना गज होते. पोरांची रांग, पोरींची रांग. हेडमास्तर स्वच्छ माणूस. आवाज कधी चढायचा नाही. पहिल्या दिवशी आई मला घेऊन अंगणात उभी राहिली, तेव्हा ते तिला म्हणाले, "घेतो. कायदा आहे, घ्यावंच लागतं. पण बाई, कायद्यानं आत घ्यायला सांगितलंय. कुठं बसवायचं ते सांगितलेलं नाही."

आई म्हणाली, "बसवा कुटं बी. शिकवा म्हंजे झालं."

त्यांनी मला कधी मारलं नाही. बाकीच्यांना मारायचे. मला छडी लागली असती तर छडी टाकून द्यावी लागली असती.

आणि शिकवायचे कसे? म्हणवून घ्यायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. वर्ग एका सुरात म्हणायचा, डोलत. ऐकायला गोड लागायचं. एका दमात सगळं म्हणणारी पोरं होती तिथं. मला ते येत नव्हतं म्हणून मी खूप दिवस स्वतःला ढ समजले. पण कुणाला मध्येच थांबवून विचारलं की त्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. विहिरीतनं दोर ओढावा तसं. मध्येच दोर सुटला की बादली खाली.

त्या वर्षी शाळाखात्याचे दिपोटी यायचे होते शाळा तपासायला. शाळेला चुना मारला. पोरांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं. मला सांगितलं, "तू आलीस तरी चालेल, नाही आलीस तरी चालेल." मी गेले.

दिपोटी कोट घालून, फेटा बांधून आले. खुर्चीवर बसले. पोरांनी पाऊणकी म्हटली. दिपोटी खूश झाले. मग त्यांनी पोरींच्या रांगेतल्या शालनला उभं केलं. शालन बागाईतदाराची मुलगी. जाड वेण्या, मऊ स्वभाव. पाऊणकी सगळ्यांत सुरेल तीच म्हणायची.

दिपोटी म्हणाले, "एका वाफ्याला पाणी द्यायला पाऊण तास लागतो. चार वाफ्यांना किती?"

शालन गप्प.

"अगं, सोपं आहे."

शालननं ओठ हलवले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. मग थांबली. पाढा आणि वाफा ह्यांचा काही संबंध असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

मला आलं होतं.

मला आलं, म्हणून मी उठले. विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतंच त्यात. करंजाखाली मी रोज तेच केलं होतं. मी चपलांपासून उठले, मधल्या मोकळ्या जागेतनं चालत गेले, शालनच्या शेजारी मांडी घातली, तिची पाटी ओढली आणि तिच्यावर चार वाफे काढले. प्रत्येकाचा एक कोपरा खोडला. शालन खाली वाकून बघत होती. मी खोडलेले कोपरे बोटानं दाखवले. मी एक अक्षर बोलले नाही. तिनं बघितलं, तिचे ओठ हलले, आणि एकदम तिचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरणार नाही. कळल्यावर माणूस सुंदर दिसतं.

"तीन तास!" शालन ओरडली. "कोपऱ्याकोपऱ्यांचा एक तास कमी झाला!"

दिपोटी म्हणाले, "शाब्बास."

आणि मग वर्ग गप्प झाला. मला वाटलं, हिशोब आला म्हणून गप्प झाला. मी वर बघितलं. हेडमास्तर माझ्या हाताकडं बघत होते. माझा हात शालनच्या पाटीवर होता. माझा गुडघा तिच्या मांडीला टेकलेला होता.

"शिवलीस?" हेडमास्तर म्हणाले. हळू.

मी काय शिवले ते मला कळेना. मी म्हणाले, "तिला येत नव्हतं, गुरुजी. मला आलं."

हे मी समजावून सांगत होते. मला वाटलं, नियम सांगितला की झालं.

दिपोटींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मुलगी हुशार आहे. शिस्त नाही." मग ते उठून दुसऱ्या वर्गात गेले. शिकलेला माणूस. ते एक वाक्य वेगळं बोलले असते तर? पण नाही बोलले. त्यांना चहा थंड व्हायच्या आत जायची घाई होती.

शालनला शिपायाबरोबर घरी पाठवलं, अंघोळीला. पाटी हौदावर नेऊन धुतली. ते चार वाफे धुऊन गेले. तरी तिच्या आईनं ती पाटी परत घेतली नाही, नवी आणली. शालन जुन्या पाटीसाठी रडत होती म्हणे.

आणि भिंतींना मारून उरलेल्या चुन्याची बादली कोपऱ्यात होती.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "रेघच हाय न्हवं? भित तर न्हाई. बस तितं. फायनाल हुईस्तवर बस."

मी बसले. रेघ पायाखाली पुसट व्हायची. सणाच्या आधी हेडमास्तर ती नव्यानं ओढायचे. दर वेळी मी परकर आवरून घ्यायची. कुणी सांगायच्या आधीच.

ह्या दिवसांचं काय सांगू? दिसायला काहीच झालं नाही. कुणी मारलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. मी पाऊणकी पाठ केली. सवायकी पाठ केली. डोलायला शिकले. मधल्या सुट्टीत शालन एकदा रेघेच्या बाहेर उकिडवी बसली, नव्या पाटीवरचा हिशोब माझ्याकडं फिरवला आणि कुजबुजली, "सांग की गं. कुणी बघत न्हाई." मला येत होता. माझे हात मांडीवरनं उठेनात. ती थोडा वेळ थांबली, मग गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, शाळा सुटली.

तेव्हा मला कळलं की रेघ फरशीवर नाही. ती माझ्या आत पोचली होती. मला आलं तरी मी उठत नव्हते. करंजाखाली मिळवलेलं एवढं एकच माझ्यापाशी होतं, आणि ते त्यांनी काढून घेतलं. हात न लावता.

मी सहावीत गेले तेव्हा आमच्या आळीतली सखूमावशी तिच्या हौसाला घेऊन आली. हौसा सहा वर्षांची, नाक वाहणारी, बडबडी. मावशी म्हणाली, "तुज्यासंगं धाडते गं हिला. तू शिकतीस तर ही बी शिकंल." मी तिला रोज बोट धरून न्यायची. वाटेत ती एवढं बोलायची की माझी वाट सरायची. "अक्का, शाळंत वाघ असतो का? अक्का, तुजी पाटी मोठी का माजी?" लय दिवसांनी मी हसायला लागले होते.

हौसाला पहिलीच्या वर्गात दारापाशी बसवलं. पण ती बसल्या जागी राहीना. लहानच होती. सरकत सरकत पोरींच्या रांगेपर्यंत जायची, कुणाच्या वेणीला हात लाव, कुणाच्या पेन्सिलीला. पोरींच्या घरनं तक्रारी आल्या.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हेडमास्तर मला म्हणाले, "डब्यात चुना भिजव." मला वाटलं, भिंतीसाठी. मी भिजवला, काठीनं ढवळला. ते म्हणाले, "कुंचा घे आणि माझ्यामागून ये."

आम्ही पहिलीच्या वर्गात गेलो. हौसा मला बघून हसली.

"हिला तुझ्यासारखी जागा करून दे," हेडमास्तर म्हणाले. "तूच ओढ. तुमच्यातलीच आहे ती. तुझ्या हातानं ओढलीस तर तिलाही वाईट वाटायचं नाही."

त्यांनी हे प्रेमानं सांगितलं. हे मला लिहून ठेवायचं आहे. त्यांना खरंच वाटत होतं की ते हौसावर दया करतायत. माझ्यावरही. मला त्यांनी एक काम दिलं होतं. वर्गात मी पहिल्यांदाच कामाची झाले होते.

मी वाकले. कुंचा निथळू दिला. तसाच, जसा त्यांनी निथळू दिला होता. मला ते बघूनबघून आलं होतं.

हौसानं मान वर केली. तिचे डोळे चमकले. तिनं आपणहून परकर गोळा करून पोटाशी धरला, पुसू नये म्हणून, आणि विचारलं, "अक्का, रांगोळी काढतीस व्हय गं?"

माझा हात तिथंच थांबला.

"ओढ," हेडमास्तर म्हणाले.

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

शाळेत मी पुस्तकासारखं बोलायची. त्या क्षणी सगळं पुस्तक पळालं. "न्हाई वढणार, गुरुजी."

"मग कोण ओढणार?"

"तुमी वढा. तुमची रेघ हाय. माज्या हातानं न्हाई."

वर्गातली बारकी पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. हेडमास्तरांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "विचार कर. ओढलीस तर शाळा आहे, सातवी आहे, फायनल आहे. नाही ओढलीस तर पाटी उचल आणि चालायला लाग. दाखला मिळायचा नाही. दुसरी शाळा तुला घ्यायची नाही."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू? आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. 'फायनाल' म्हणताना तिची जीभ अडखळायची ते आठवलं. एक रेघ. हौसाला तर ती रांगोळी वाटणार होती. हात फिरवायचा अवकाश.

मी कुंचा डब्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. माझ्या वर्गात जाऊन पाटी घेतली. परत आले आणि हौसाचा हात धरून तिला उठवलं.

हौसा उठेना. "मला बसायचंय," ती म्हणाली. "मला शाळंत बसायचंय, अक्का." मी तिला ओढत बाहेर काढलं. ती वाटभर रडत होती. रडत रडत वळून शाळेकडं बघत होती. तिला कुणी काही केलेलं नव्हतं. तिच्या लेखी वाईट मीच होते.

आई रानात होती. मला अवेळी बघून तिनं खुरपं खाली ठेवलं. मी सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"तुज्या हातात दिला त्येनं कुंचा?"

"व्हय, आये."

ती बांधावर बसली. मला वाटलं, मारेल. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. बाच्या मरणाची बातमी आली तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मग नाक पुसून म्हणाली, "बरं केलंस. भाकर खा."

सखूमावशी संध्याकाळी दारात आली. ती मात्र तसं म्हणाली नाही. "तुजं तू बगायचं हुतंस," ती म्हणाली. "माजी पोर कशापायी उठिवलीस? ती बसली असती की कडंला. चार अक्षरं तरी कानावर पडली असती. आमचं ठरिवनारी तू कोन?" आईनं तिला आत बोलावलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हौसाला स्वतः नेऊन शाळेत बसवलं. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं रेघ ओढली. पण मावशीला रोजगाराला जावं लागायचं, आणि एवढ्या लांबच्या वाटेला लहान पोरीला सोबत नव्हती. सोबत मी होते. हौसाची शाळा दिवाळीआधीच सुटली.

साताऱ्यात एक विधवा बाई घरात मुली ठेवून घेतात, कुठल्याही जातीच्या, हे आईनं मास्तरांकडूनच कधीतरी ऐकलेलं होतं. पत्ता नव्हता. आम्ही विचारत विचारत गेलो. बाईंनी दाखला मागितला नाही. त्यांनी पाटी दिली आणि म्हणाल्या, "काय येतं ते लिही." मी काय लिहिलं ते आता आठवत नाही. त्यांनी ठेवून घेतलं एवढं आठवतं. फायनल मी तिथून दिली. आई साताऱ्याला येऊन निकाल ऐकून गेली. ती चालत आली होती आणि चालत गेली. मास्तर सुटले की नाही, कुठं गेले, मला कधी कळलं नाही. मी पुष्कळ विचारलं.

लोकांना वाटतं, गोष्ट इथं संपते. मुलगी पास झाली.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी आले. पाटलांच्या उसाच्या फडाशेजारी शेवटचं गुऱ्हाळ चालू होतं. मी वाटेनं चालले होते आणि डोक्यावर चिपाडांचा भारा घेऊन एक पोरगी समोरनं आली. काकवीनं हात चिकट, केसांत कुसं. हौसा. तिनं भारा खाली टाकला, माझ्या इस्त्रीच्या पातळाकडं बघितलं.

"आलीस व्हय, अक्का?"

"आले. तू कशी आहेस?"

"मी हाय की. बगतीस न्हवं." मग हसून, "कशी बोलतीस गं. गुरुजीवानी बोलतीस."

मी म्हणाले, "हौसा, सुट्टीभर मी आहे. रोज ये. मी शिकवते."

"आता काय शिकू? पुढल्या साली लगीन हाय माजं." तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. बोलताना तिच्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "अक्का, एक इचारू? तवा तू रेघ वढली असतीस तर काय झालं असतं गं? मी बसली असती की तितं. तू बी बसलीस की इतकं दिस."

मी शिकलेली. मला शब्द येत होते. अपमान, माणुसकी, हक्क. त्यातला एकही तिच्या त्या भाऱ्यापुढं काढायची मला लाज वाटली.

"तू गेलीस सातारला," हौसा म्हणाली. "मी ऱ्हायले."

तिनं भारा उचलायला हात पुढं केला. एकटीला उचलेना. मी हात लावला. ती निघून गेली, भट्टीच्या धुरात.

मी रेघ ओढली नाही ह्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा कुणी तो कुंचा हातात दिला तर पुन्हा मी तेच करीन. पण मी नाही म्हणाले आणि मी वाचले, एवढ्यानं झालं असं ज्यांना वाटतं, त्यांना हौसा भेटलेली नाही. नाही म्हणणाऱ्याला पुढं वाट होती. ज्याच्यासाठी नाही म्हटलं, तो तिथंच.

त्या वाटेवर उभं राहून मी ठरवलं, आणि बी.ए. झाल्यावरही त्यातला एक शब्द बदललेला नाही. मला सांगलीत नोकरी नको. मी मास्तरीण होणार ती ह्याच तालुक्यात, ह्याच गावांत. माझ्या वर्गात कुठल्या पोराची जागा त्याच्या जातीवरून ठरणार नाही. ज्याला हे चालणार नाही त्यानं आपलं पोर खुशाल घरी न्यावं, मी पाया पडणार नाही. दिपोटी येवोत नाहीतर त्यांचे साहेब. मला काढलं तर मी निघेन. रडणार नाही, दाखला मागणार नाही. पण निघायच्या आधी वर्गातल्या शेवटच्या पोराच्या आईच्या दारात जाईन, ती शिव्या देईल त्या ऐकून घेईन, आणि तिचं पोर उद्या कुणाच्या सोबतीनं, कुठल्या शाळेत जाणार हे ठरल्याशिवाय त्या दारातनं हलणार नाही.

मी एकदा एकटी सुटले. आता एकटी सुटणार नाही.